ठाणे-नवी मुंबईत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढताना: फॉर्मच्या आधी काय, नंतर काय

'कंपनी काढायला किती दिवस लागतात?' आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात नवीन माणूस खुर्चीवर बसला की पहिला प्रश्न हाच असतो. कागद जुळलेले असतील तर फार दिवस लागत नाहीत. सगळं काम ऑनलाइन आहे, कुठल्याही सरकारी कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. पण पुढे ज्यांची ओढाताण होते, त्यांची फॉर्ममुळे क्वचितच होते. फॉर्म भरण्याआधी जे बोलून घ्यायला हवं होतं ते राहून गेलेलं असतं, नाहीतर प्रमाणपत्र आल्यावर सगळं झालं असं समजून फाईल कपाटात गेलेली असते. म्हणून या लेखात फॉर्मबद्दल कमी आणि त्याच्या आगेमागे काय करायचं याबद्दल जास्त लिहिलं आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. ऐरोलीचे दोन मित्र आहेत. दोघांनी रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत बरीच वर्षं मेंटेनन्सला काम केलंय. आता त्यांना एअर कंप्रेसर दुरुस्तीचं स्वतःचं काम सुरू करायचंय. एक मोठा कारखाना वर्षाचं कंत्राट द्यायला तयार आहे, पण तिथला खरेदी विभाग म्हणतो, व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदणीचा क्रमांक, प्रायव्हेट लिमिटेडलाच मिळेल.

कंपनी हवीच आहे का?

या दोघांना हवी आहे, कारण गिऱ्हाईकच मागतंय. कंपनी काढायची इतरही सबळ कारणं असतात: बाहेरून भांडवल घ्यायचंय, धंद्यात नुकसानीचा धोका मोठा आहे, भागीदार दोनाहून जास्त आहेत, किंवा धंदा पुढे मुलांकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे सोपवायचाय.

'कार्डावर प्रायव्हेट लिमिटेड लिहिलं की वजन पडतं' हे एवढंच कारण असेल, तर मी थांबायला सांगते. एकट्याच्या नावावरच्या धंद्याला, म्हणजे प्रोप्रायटरशिपला, वेगळी कंपनी नोंदणी लागत नाही. शिवाय २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत सुमारे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर व्यक्तीला आयकर भरावा लागत नाही. कंपनीला अशी कुठलीही माफी नाही. ती पहिल्या रुपयाच्या नफ्यापासून कर भरते. सवलतीचा २२ टक्क्यांचा दर घेतला तरी अधिभार आणि उपकर धरून तो सव्वापंचवीस टक्क्यांच्या आसपास जातो. ऑडिट तर एक रुपयाची उलाढाल नसली तरी करावंच लागतं.

मधला रस्ता एलएलपीचा, म्हणजे २००८ च्या कायद्याखालच्या मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा. तिची जबाबदारीही मर्यादित असते आणि वार्षिक कागदपत्रं कंपनीपेक्षा कमी असतात. उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या आत असेल, तर एलएलपी कायद्याखाली ऑडिटही लागत नाही. मात्र कराचा दर ३० टक्के आहे, आणि बाहेरचा गुंतवणूकदार शेअर मागत आला तर एलएलपीत शेअरच नसतात. दोन-तीन आर्किटेक्ट, सल्लागार, डिझायनर एकत्र येऊन काम करणार असतील, तर मी पहिल्यांदा एलएलपीच सुचवते.

एकट्याला कंपनी काढायची असेल तर वन पर्सन कंपनी आहे. तिला एक सभासद (म्हणजे शेअरधारक) आणि एक वारस-सभासद लागतो. मालकाचं काही बरंवाईट झालं तर हा वारस-सभासद त्याच्या जागी येतो, म्हणून त्याची लेखी संमती आधीच घ्यावी लागते. साध्या प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. तेच दोघे दोन्ही असू शकतात. संचालकांपैकी निदान एकाने त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. सभासदांची कमाल मर्यादा २०० आहे.

'लिमिटेड' नेमकं कुठपर्यंत?

यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथला गैरसमज महागात पडतो.

कायद्याच्या नजरेत कंपनी ही तुमच्याहून वेगळी व्यक्ती असते. तिचं कर्ज तिचं. धंदा बुडाला तर तुम्ही शेअरमध्ये घातलेले किंवा घालायचे कबूल केलेले पैसे जातात, घर जात नाही. ऐरोलीच्या मित्रांनी प्रत्येकी पन्नास हजारांचे शेअर घेतले आणि कंपनीवर वीस लाखांचं देणं झालं, तर देणेकऱ्याला त्यांच्या राहत्या फ्लॅटवर हात टाकता येत नाही.

पण हे संरक्षण तुम्ही स्वतःच्या सहीने घालवू शकता. बँक नव्या कंपनीला कॅश क्रेडिट किंवा टर्म लोन देताना जवळजवळ नेहमीच संचालकांची वैयक्तिक हमी घेते. त्या कागदावर सही केलीत की तेवढ्या कर्जापुरते तुम्ही पुन्हा वैयक्तिक जबाबदार. कर्जाच्या फाईलमध्ये वीस-पंचवीस ठिकाणी सह्या असतात आणि हमीपत्र त्यातच कुठेतरी असतं. घाई करू नका, ते शोधून वाचा. रकमेची मर्यादा लिहिली आहे का, पुढे वाढवलेल्या कर्जालाही हमी लागू होते का, हे विचारा. पत्नीची किंवा आईवडिलांची सही कशासाठी मागताहेत, तेही विचारा.

जीएसटीचंही तसंच. प्रायव्हेट कंपनीकडून थकबाकी वसूल झाली नाही, तर त्या काळातल्या संचालकांकडून ती वसूल करता येते. आपल्याकडून हयगय झाली नाही हे संचालकाने सिद्ध करायचं असतं. कंपनीचा चेक वटला नाही तर सही करणारा आणि कारभार पाहणारा संचालकही फौजदारी तक्रारीत ओढला जातो. आणि फसवणूक केली तर कुठलंच लिमिटेड आड येत नाही. काकूला किंवा मेहुण्याला 'फक्त नावाला' संचालक करणाऱ्यांनी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा. नावापुरता संचालक असं कायद्यात कुणी नसतं.

शेअर किती कुणाचे, हे आधी बोला

दोघे मित्र आले की निम्मे-निम्मे सांगून मोकळे होतात. मैत्रीला ते शोभतं, पण मतभेद झाला की कंपनी जागच्या जागी अडते. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात आणि पन्नास-पन्नासमध्ये ती कुणाकडेच नसतात. कंपनीची घटना (मेमोरँडम) बदलणं, कंपनीचं नाव बदलणं अशा विशेष ठरावांना पाऊण मतं लागतात. म्हणजे २६ टक्के असलेला माणूस एकटा असा ठराव रोखू शकतो. कुणाला २५ द्यायचे आणि कुणाला २६, हा एका टक्क्याचा हिशोब नसतो.

निम्मे-निम्मेच ठेवायचे असतील तरी हरकत नाही, पण मग तीन गोष्टी लेखी ठरवा. अडलं तर शेवटचा शब्द कुणाचा. एक जण दीड वर्षात सोडून नोकरीला गेला तर त्याचे शेअर कोण घेणार आणि भाव कसा ठरणार. एक जण पूर्णवेळ राबतोय आणि दुसऱ्याने फक्त पैसे घातलेत, तर राबणाऱ्याचा पगार किती. आमच्याकडे येणारी भांडणं जवळजवळ सगळी या तिसऱ्या मुद्द्यावरून सुरू होतात. हे शेअरधारकांच्या करारात लिहा आणि त्यातलं महत्त्वाचं कंपनीच्या नियमावलीतही (आर्टिकल्समध्ये) आणा. इंटरनेटवरून उतरवलेली नियमावली जशीच्या तशी चिकटवली जाते, तेव्हा नेमका हाच भाग तिच्यात नसतो.

भांडवलाबद्दल एक जुनी समजूत अजून टिकून आहे. किमान एक लाखाची अट २०१५ मध्येच काढून टाकली आहे. दहा हजारांच्या भांडवलावरही कंपनी निघते. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला (कंपनी जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर काढू शकते ते) केंद्राची नोंदणी फी शून्य आहे, राज्याची स्टॅम्प ड्युटी तेवढी भरावी लागते. पण भांडवल अगदीच चिमूटभर ठेवू नका. पहिल्या तीन महिन्यांचं भाडं, पगार आणि माल निघेल एवढं असावं, नाहीतर पहिल्या आठवड्यापासून संचालकाकडून उसनवारी सुरू होते.

पॅन, आधार आणि आपली मराठी नावं

सगळ्यात जास्त अर्ज मी इथे अडलेले पाहिले आहेत. पॅनवर पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण असतं. आधारवर मधलं नाव गाळलेलं असतं किंवा नुसतं आद्याक्षर असतं. बँकेत आडनाव आधी. लग्नानंतर बाईंचं आधार सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या. एका कागदावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. माणसाला यात काही वाटत नाही, पण संचालक क्रमांकासाठी (प्रत्येक संचालकाला सरकार देतं तो) तुमची माहिती आयकर खात्याच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडली जाते. तिथे वडिलांचं नावच लागतं, विवाहित स्त्रीलासुद्धा. पतीचं नाव चालत नाही.

म्हणून कंपनीचं नाव शोधण्याच्याही आधी दोन्ही भागीदारांची पॅन आणि आधार कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकेक करून ताडून पाहा. फरक असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज टाका. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, तेही बघा, कारण ओटीपी त्यावरच येतो.

नावं जुळली की डिजिटल सही काढायची. क्लास ३ ची लागते, ओळख मोबाइलवरच्या व्हिडिओने पटवतात आणि सही यूएसबी टोकनमध्ये मिळते. टोकन आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. 'आमच्याकडेच राहू द्या, बरं पडेल' असं कुणीही म्हटलं, तुमचा नेहमीचा सल्लागार म्हणाला, तरीही. ती तुमची सही आहे.

राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून बँक स्टेटमेंट किंवा वीज-मोबाइलचं बिल दोन महिन्यांच्या आतलं लागतं. तेवढं वेगळं काढून ठेवा.

पत्ता: फ्लॅट, गाळा की शेड

नोंदणीकृत कार्यालयासाठी व्यापारी गाळाच पाहिजे, असं कंपनी कायदा म्हणत नाही. घरचा पत्ता चालतो. लागतं काय, तर दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल, जागा मालकीची असल्याचा किंवा भाड्याचा कागद आणि मालकाचं ना हरकत पत्र. वडिलांच्या नावावर फ्लॅट असेल तर वडिलांचं पत्र.

आपल्याकडची अडचण वेगळीच असते. फ्लॅट विकत घेऊन बारा वर्षं झाली तरी महावितरणचं बिल मूळ मालकाच्या, नाहीतर बिल्डरच्या नावाने येतं. किंवा बिल आजोबांच्या नावाने, आजोबा हयात नाहीत आणि वारसांची नोंद झालेली नाही. मग ना हरकत पत्र द्यायचं कुणी? बिलावरचं नाव बदलून घेणं हा सरळ उपाय, आणि त्याला वेळ लागतो म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा. तोवर खरेदीखत आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून ठेवा, म्हणजे मालकी दाखवता येते. पत्ता सगळ्या कागदांवर एकसारखा लिहा. नवी मुंबईत प्लॉट नंबर आणि सेक्टर दोन्ही असतात. एका कागदावर सेक्टर आहे आणि दुसऱ्यावर नाही, यावरूनही अर्ज परत येतो.

कंपनी नोंदणीच्या फॉर्मसोबत सोसायटीची परवानगी जोडावी लागत नाही. तरी सेक्रेटरींना आधी सांगून ठेवावं. सरकारी पत्रं येणार, बँकेचा माणूस पत्ता बघायला येणार, आणि कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारलाही जागेवर येऊन तपासण्याचा अधिकार आहे. वॉचमनने 'इथे अशी कुठली कंपनी नाही' सांगितलं आणि ते अहवालात गेलं, तर निस्तरताना नाकी नऊ येतात. घरात बसून पत्रव्यवहार आणि हिशोब करणं वेगळं, आणि फ्लॅटमध्ये कामगार, माल, टेंपो आणणं वेगळं. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या राहत्या इमारतीत वापर बदलायचा तर परवानगीचा प्रश्न येतो आणि तिथे कंपनीचं प्रमाणपत्र दाखवून काही उपयोग होत नाही.

वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत कुणाच्या शेडचा कोपरा भाड्याने घेणार असाल, तर मूळ प्लॉटधारकाकडे पोटभाड्याची एमआयडीसीची परवानगी आहे का, हे विचारा. नुसता तोंडी व्यवहार असेल तर पुढे जीएसटीच्या पत्त्यापासून बँकेच्या कर्जापर्यंत सगळीकडे अडतं. लीव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो आणि तो आता ऑनलाइन होतो. करारात 'व्यावसायिक वापर' असं स्पष्ट लिहून घ्या.

आपल्या ऐरोलीच्या मित्रांनी नोंदणीकृत पत्ता घरचा ठेवावा आणि अवजारं, सुटे भाग ठेवायला रबाळ्यात छोटा गाळा घ्यावा. गाळा बदलला तरी नोंदणीकृत पत्ता बदलण्याचा फॉर्म भरावा लागत नाही.

नाव

दोन नावं सुचवता येतात. श्री गणेश, ओम साई, शिवशक्ती, सह्याद्री ही सगळी केव्हाच गेलेली आहेत. मागेपुढे 'ठाणे' जोडून सुटका होत नाही. आधीच्या कंपनीच्या नावाला नुसतं गावाचं नाव लावलं तर ते तेच नाव धरलं जातं. अनेकवचन, शब्दांची अदलाबदल, स्पेलिंग बदलून केलेला तोच उच्चार, एवढंच काय दुसऱ्या भाषेतलं भाषांतरसुद्धा चालत नाही. बँक, विमा अशा शब्दांना संबंधित नियामकाची मंजुरी लागते. आधी कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा, मग ट्रेडमार्कच्या यादीत शोधा. ट्रेडमार्क दुसऱ्याचा असेल तर नाव नाकारतात. आणि नाव मंजूर झालं म्हणजे ट्रेडमार्क तुमचा झाला, असंही नाही. त्याचा अर्ज वेगळा करायचा.

सहसा चालतं ते असं: एक स्वतः घडवलेला शब्द, त्यापुढे कामाचा शब्द. गावच्या नदीचं, देवीचं, शेताच्या तुकड्याचं कमी ऐकलेलं नाव घेतलं तर लवकर मिळतं आणि आपलंही वाटतं.

नावापुरता वेगळा अर्ज केला तर फी १,००० रुपये, आणि मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. त्या २० दिवसांत पुढचा अर्ज गेला पाहिजे. म्हणून आधी पॅन-आधार आणि वीजबिल, मग नाव.

अर्ज

अर्जाचं नाव स्पाइस प्लस. फेब्रुवारी २०२० पासून हाच एक अर्ज आहे. पहिला भाग नावाचा, दुसरा बाकी सगळ्याचा. त्यालाच ई-मेमोरँडम, ई-आर्टिकल्स, संचालकांचं प्रतिज्ञापत्र आणि एजाइल-प्रो-एस नावाचा जोडफॉर्म लागतो. नवे तीनपर्यंत संचालक क्रमांक, कंपनीचं पॅन आणि टॅन (टीडीएससाठीचा क्रमांक) यातूनच मिळतं. छाननी हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रात होते. दुसऱ्या भागावर सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकिलाची प्रमाणित सही लागते, त्यामुळे पूर्ण स्वतःच्या हाताने करायचं म्हटलं तरी एका व्यावसायिकाची गरज पडतेच. फी ठरवताना त्यात काय काय धरलंय ते लेखी घ्या. स्टॅम्प ड्युटी आणि डिजिटल सह्या आत आहेत की बाहेर, आणि प्रमाणपत्रानंतरचे पहिले फॉर्म कोण भरणार, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

उद्दिष्टांचा परिच्छेद स्वतः वाचा. फक्त 'कंप्रेसर दुरुस्ती' लिहिलं आणि सहा महिन्यांनी सुटे भाग विकायला लागलात, तर घटना बदलण्याचा खटाटोप येतो. दुरुस्ती, देखभाल, विक्री, भाड्याने देणं, एवढं सुरुवातीलाच असू द्या. उगाच जगातले सगळे धंदे लिहू नका, त्यावर शंका काढतात.

एजाइल-प्रो-एसमध्ये एक खूण विचार करून करा: जीएसटी हवा का. राज्यातल्या राज्यात मालविक्रीला ४० लाखांपर्यंत आणि सेवांना २० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. आमच्या मित्रांचा कारखाना जीएसटीचं बिल मागणार, म्हणून त्यांनी घ्यावा. पण ज्यांचं काम सुरूच व्हायचंय त्यांनी 'आत्ताच घेऊन टाकू' म्हणून खूण केली, तर शून्य उलाढालीचीही विवरणपत्रं भरत बसावं लागतं. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचे क्रमांक मात्र आपोआप मिळतात. कामगारांची ठरलेली संख्या होईपर्यंत वर्गणी सुरू होत नाही. महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणीही इथेच होते. हा कर कंपनीला वर्षाला २,५०० रुपये, आणि लोक तो हमखास विसरतात.

त्रुटी निघाली तर अर्ज शेऱ्यासह परत येतो आणि १५ दिवसांत सुधारून पाठवायचा असतो. शेरा स्वतः वाचा. बहुतेक वेळा तो पत्ता, बिलाची तारीख किंवा उद्दिष्टांबद्दलच असतो.

प्रमाणपत्र आलं, आता १८० दिवस

प्रमाणपत्रावर २१ अक्षर-अंकांचा कंपनी क्रमांक असतो. त्यात 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र, पुढे स्थापनेचं वर्ष, मग 'पीटीसी' म्हणजे प्रायव्हेट कंपनी. त्याच सुमारास फोन सुरू होतात: ट्रेडमार्क काढा, आयएसओ घ्या, अमुक फी भरली नाही तर कंपनी रद्द होईल. सरकारी वाटणारं पत्र आलं तरी आपल्या सल्लागाराला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

पहिलं काम बँक खातं. दुसरं, प्रत्येक सभासदाने आपल्या शेअरचे पैसे स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात भरायचे. रोख नको, आणि दोघांचे मिळून एकाच खात्यातूनही नको. मग त्या बँक स्टेटमेंटसह आयएनसी-२०ए हा फॉर्म, स्थापनेपासून १८० दिवसांच्या आत. हा फॉर्म जाईपर्यंत कंपनीला धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. म्हणजे पहिलं बिल फाडण्याआधी हा फॉर्म गेला पाहिजे. चुकला तर कंपनीला ५०,००० रुपये आणि जबाबदार संचालकांना दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाख, असा दंड कायद्यात आहे. छोट्या कंपनीला त्यात काही सवलत मिळते. फॉर्म अजिबातच गेला नाही तर कंपनीचं नाव नोंदवहीतून काढून टाकण्यापर्यंत वेळ येते. वाट बघू नका, खातं उघडलं त्याच आठवड्यात भरून टाका.

३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली सभा घ्यायची. दोघेच असलात तरी घ्यायची, आणि इतिवृत्त लिहायचं. त्याच मुदतीत पहिला ऑडिटर नेमायचा. दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट द्यायची. कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता असलेली पाटी लावायची. कंपनी कायद्यानुसार ती स्थानिक भाषेच्या लिपीतही असावी लागते, आणि दुकाने व आस्थापनांसाठी राज्याचा मराठी पाटीचा नियम वेगळा आहेच. तेव्हा पाटी मराठीतून करा. बिलं आणि लेटरहेडवर कंपनीचं नाव, पत्ता आणि कंपनी क्रमांक छापायचा. छोट्या उद्योगांसाठीची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

कंपनीचा पैसा

नव्या मालकांना सगळ्यात जड जातं ते हे. कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नाहीत, ते कंपनीचे आहेत. मुलाची फी, घराचा हप्ता, डी-मार्टची खरेदी कंपनीच्या कार्डावर करायची नाही. पैसे काढायचे सरळ मार्ग चारच: पगार, लाभांश, तुम्ही कंपनीला दिलेल्या कर्जाची परतफेड आणि तुमच्या जागेचं रीतसर भाडं. सहज म्हणून उचललेली रक्कम आयकरात लाभांश धरली जाऊ शकते, आणि संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याची बंधनं आहेत. दिवाळं निघायची वेळ आली तर आधी हेच तपासतात की कंपनी खरंच वेगळी चालवली होती का. टीडीएसही लक्षात ठेवा. एकट्याच्या धंद्याला उलाढालीची मर्यादा असते, कंपनीला पहिल्या वर्षापासून तो कापावा लागतो.

दरवर्षीचं

कंपनी १ जानेवारी किंवा त्यानंतर, ३१ मार्चपर्यंत निघाली, तर कंपनी कायद्याचं तिचं पहिलं आर्थिक वर्ष थेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं. नोव्हेंबर-डिसेंबरात तयारी झाली असेल आणि घाई नसेल, तर जानेवारीपर्यंत थांबलात की एका वर्षाचं ऑडिट आणि फॉर्म वाचतात.

पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, पुढच्या दरवर्षी सहा महिन्यांत. सभेनंतर ३० दिवसांत हिशोबाचा एओसी-४ आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण. छोट्या कंपनीला एमजीटी-७ए लागतो. उशीर झाला तर दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म एक वर्ष राहिले तर ७३,००० रुपये. एकही गिऱ्हाईक न मिळालेल्या कंपन्यांनाही हे भरावे लागतात. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि हे त्याच्या दुसऱ्या कंपन्यांनाही भोवतं. २०१७ मध्ये देशभरात दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली गेली, तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की आपण कुठल्यातरी कंपनीत संचालक आहोत.

आयकराचं विवरणपत्र तोटा असो, शून्य असो, भरायचंच. संचालकांची केवायसी मुदतीत करायची. तारखांची यादी ऑडिटरकडून घ्या आणि मोबाइलमध्ये टाका. त्याच्या आठवणीवर सोडू नका, त्याच्याकडे तुमच्यासारख्या शंभर फाईली असतात.

नाही चाललं तर

कारखान्याने कंत्राट दुसऱ्याला दिलं, दोघे पुन्हा नोकरीला लागले, असं होऊ शकतं. तेव्हा कंपनी तशीच सोडून देऊ नका. पुन्हा काम सुरू व्हायची आशा असेल तर सुप्त कंपनीचा, म्हणजे काम थांबलेलं पण नोंद कायम असा, दर्जा मागता येतो. नसेल तर सगळी देणी फेडा, बँक खातं बंद करा, जीएसटी आणि व्यवसाय कराची नोंदणी रद्द करा, राहिलेले वार्षिक फॉर्म भरा आणि मग नोंदवहीतून नाव काढण्याचा एसटीके-२ हा अर्ज करा. त्याची फी १०,००० रुपये आहे. खातं बंद करण्याआधी शेवटच्या ऑडिटचे पैसे बाजूला काढून ठेवा, कारण ताळेबंद सही झाल्याशिवाय हा अर्ज जात नाही.